आफ्रिकेतून मोटारीने युरोपास : एका प्रवासाची पूर्वतयारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सेवानिवृत्त शिक्षकाने व्यासपीठावर येऊन शिक्षणाचे महत्त्व सांगावे आणि श्रोत्यांनी पंगत केव्हा बसते याची वाट पाहावी, हा आपल्या मेळाव्यांचा जुना परिपाठ आहे. चिटणीसांच्या अनुमतीने मी आज तो मोडणार आहे. मी ३६ वर्षे मुलांना भूगोल शिकविला. गेली काही वर्षे माझ्या स्वतःच्याच घरी भूगोलाचा एक मोठा पाठ चालू आहे. त्याची हकीकत आपणांस सांगावी, असा मानस आहे.

माझा एक भाचा दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे अभियंता आहे. नोकरीचा करार संपला की कायमचे स्वदेशी परतावयाचे, असे त्याने व भाचेसुनेने ठरविले आहे. परंतु परतण्यापूर्वी स्वतःच्या मोटारीतून, मुलीसह, सारी आफ्रिका दक्षिणोत्तर ओलांडून युरोपात जावयाचे आणि हांबुर्ग येथे धाकट्या भावाच्या दारात गाडी उभी करावयाची, असा त्याचा संकल्प आहे. तेथून गाडी बोटीने परत पाठवावयाची व आपण विमानाने घरी यावयाचे. हे मला कळविताना त्याने लिहिले, “मामा, रस्ता तुम्ही आखून द्या.” उतारवयात मला याहून मोठा मान मिळालेला नाही. माझ्या बहिणीचे, म्हणजे त्याच्या आईचे, मत मात्र निराळे पडले. ती एवढेच म्हणाली, “मग विमाने काय शोभेची आहेत?”

प्रथम या खंडाच्या विस्ताराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवर जगाचा जो नकाशा पुष्कळदा टांगलेला असतो, तो मर्केटरच्या पद्धतीचा असतो. त्यात ग्रीनलंड हे बेट आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारताच्या नऊपटींहूनही अधिक भरते. अशा भूमीवर पट्टीने सरळ रेघ ओढून ‘हा रस्ता’ असे म्हणणाऱ्या माणसास भूगोलात नापासच करावे लागेल.

तशी रेघ पूर्वी ओढली गेली होती. सेसिल ऱ्होड्स याने केपपासून कैरोपर्यंत इंग्रजांचीच आगगाडी धावावी असे स्वप्न पाहिले. ती आगगाडी कधीच पुरी झाली नाही. मोटारीने हे अंतर प्रथम कापले ते मेजर कोर्ट ट्रीट व त्यांच्या पत्नी स्टेला यांच्या तुकडीने. सप्टेंबर १९२४ मध्ये ही मंडळी क्रॉसली कंपनीच्या दोन गाड्या घेऊन केपटाउनहून निघाली आणि जानेवारी १९२६ मध्ये कैरोस पोहोचली. सोळा महिने! कित्येक ठिकाणी रस्ता नव्हताच. तो करीत जावे लागले. आज रस्ते आहेत, बहुतांशी डांबरीही आहेत. आजची अडचण निराळी आहे, आणि तीच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आमची पहिली आखणी पूर्वेकडच्या मार्गाची होती. जोहान्सबर्गहून बोट्स्वाना, तेथून झांबेझी नदीवरील कझुंगुला येथे झांबिया. या ठिकाणी पूर्वी तराफ्यावरून गाड्या पलीकडे नेत व मालमोटारी दिवसेंदिवस खोळंबून राहत. मे २०२१ मध्ये तेथे ९२३ मीटर लांबीचा पूल खुला झाला. पुढे टांझानिया, मग केनिया. केनियाच्या उत्तरेस मोयालेपर्यंतचा रस्ता एके काळी गाडीचे सांधे खिळखिळे करण्याविषयी आणि लुटारूंविषयी कुप्रसिद्ध होता; आता तोही डांबरी झाला आहे. मोयाले ओलांडले की इथिओपिया, पुढे सुदानात उतरून निळ्या व पांढऱ्या नाईलचा संगम, आणि नदीच्या सोबतीने वाडी हाल्फामार्गे इजिप्त. नावेच किती सुंदर आहेत! माझा नकाशा पेन्सिलीच्या खुणांनी भरून गेला होता. निघण्याचा महिना ठरला जुलै २०२३.

दिनांक १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये सुदानचे सैन्य व ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ नावाचे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. आपल्या सरकारने त्याच महिन्यात ‘ऑपरेशन कावेरी’ हाती घेतले आणि पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले. जो रस्ता मी पेन्सिलीने आखला होता, त्याच रस्त्याने लोक मुलाबाळांसह इजिप्तच्या सीमेकडे जीव घेऊन पळत होते. त्या दिवसांत माझी बहीण दूरदर्शनसमोरून उठत नसे. ती मला काही बोलली नाही. तिने न बोलणे मला अधिक जड गेले.

भाच्याचे म्हणणे प्रथम असे पडले की, अदिस अबाबापर्यंत जावे, तेथे थांबावे, लढाई निवळली की पुढे सरकावे. मी त्यास स्पष्ट लिहिले, “दुसऱ्याच्या घरी प्रेत पडले असता त्याच्या अंगणातून सहल काढू नये, आणि तू तर पोरीस घेऊन निघाला आहेस.” शिवाय सुदानच्या सीमेकडील इथिओपियाच्या अम्हारा प्रांतातही त्याच वर्षीच्या ऑगस्टात लढाई सुरू झाली. भाच्याने नोकरीचा करार वाढवून घेतला आणि आखणी कपाटात गेली.

पूर्वमार्गाविषयी आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कैरोस पोहोचलेला मनुष्य युरोपास पोहोचलेला नसतो. पश्चिमेस लिबिया आहे, तेथून जाण्याचा विचार नको. इजिप्तच्या पोर्ट सैदहून तुर्कस्तानच्या इस्केंदेरून बंदरास गाड्या नेणारी बोट २०१२ साली सुरू झाली होती, ती २०१५ साली बंद पडली. सीरियातून जाणारी जुनी वाट तेथील युद्धाने गिळली. तेव्हा तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानातून भला मोठा वळसा घालावा, तेव्हा कोठे तुर्कस्तान.

राहिला पश्चिमेकडचा मार्ग. तो लांब आहे, दमट आहे, आणि त्यावर देशांची रांगच्या रांग आहे: नामिबिया, अंगोला, दोन्ही कांगो, गॅबन, कामेरून, नायजेरिया, बेनिन, टोगो, घाना, आयव्हरी कोस्ट, गिनी, सेनेगल, मॉरिटानिया, मोरोक्को. शेवटी जिब्राल्टरची सामुद्रधुनी. ती सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी १४ किलोमीटर आहे, म्हणजे गेटवेपासून घारापुरीस जाण्यापेक्षा थोडेसेच अधिक. आमच्या आजोबांच्या पिढीत समुद्रलंघन केल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. एवढ्या प्रवासात समुद्र ओलांडावयाचा तो तास-दीड तास; त्यास कोणते प्रायश्चित्त पडले असते, हे शास्त्री मंडळींनी सांगावे.

आता आखणी कशी करतात ते सांगतो. सर्वसाधारण समजूत अशी की, प्रथम निघण्याचा दिवस ठरवावा आणि मग पुढे पुढे जावे. येथे ते उलटे करावे लागते. शेवटचे दार प्रथम पाहावे लागते. ते दार म्हणजे स्पेन. आपल्या भारतीय पारपत्रावर युरोपात शिरण्यास शेंगेन व्हिसा लागतो. तो सामान्यतः आपण जेथे राहतो त्याच देशात मागावा लागतो. वाटेत डाकारला किंवा रबातला मागू म्हटल्यास नकाराची तयारी ठेवावी. म्हणजे भाच्याने तो दक्षिण आफ्रिकेतच घेतला पाहिजे. परंतु नियम असा की, युरोपात पाऊल ठेवण्याच्या दिवसापूर्वी सहा महिन्यांहून अधिक आधी अर्ज करता येत नाही. अर्जाचा निकाल सामान्यतः पंधरा दिवसांत लागतो, क्वचित पंचेचाळीस दिवसही लागतात. आता हिशेब करा. हा प्रवास मुलीस घेऊन सुखाने करावयाचा तर सात-आठ महिने हवेत. किल्ली मात्र सहा महिन्यांच्या आत मिळते, आणि तीही दारापासून सोळा-सतरा हजार किलोमीटरवर!

यावर पावसाचे गणित बसवावयाचे. अंगोला व कांगोच्या दक्षिण भागात जून ते सप्टेंबर कोरडा असतो. विषुववृत्त ओलांडताना गॅबनमध्ये ऑक्टोबरात पाऊस धरतो. पश्चिम कामेरूनात जून ते ऑक्टोबर अशी झोड असते. कामेरून पर्वताच्या पायथ्याशी डेबुंड्शा नावाचे गाव आहे, तेथे वर्षाला सुमारे १०,००० मिलिमीटर पाऊस पडतो. चेरापुंजीचे नाव पाठ करणाऱ्या मुलांना मी हे नाव नेहमी सांगत असे. तो पाऊस नोव्हेंबरात ओसरतो. पुढे सहारातून जाण्यास डिसेंबर-जानेवारी उत्तम. म्हणजे पावसास विचारावे तर तो म्हणतो, जून संपताच निघा. व्हिसास विचारावे तर तो म्हणतो, थांबा.

पुष्कळ रात्री खर्ची घालून मी जो तोडगा काढला तो असा. स्पेनमध्ये प्रवेश १० जानेवारीस. अर्ज १० जुलैस. निकाल जुलैअखेर. प्रस्थान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्ट नामिबिया व अंगोलात, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कांगो नदीपार, ऑक्टोबर गॅबनमध्ये. तेथे पाऊस लागेल, परंतु तेथील मुख्य रस्ता बराचसा डांबरी आहे, तेव्हा भिजलो तरी रुतणार नाही. कामेरूनच्या कच्च्या डोंगरी वाटेवर मात्र नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडल्याशिवाय चढावयाचे नाही. एक तरी पावसाळा पदरी घ्यावाच लागतो. कोणता घ्यावयाचा एवढेच आपल्या हाती. उरलेल्या पन्नास दिवसांत नायजेरियापासून जिब्राल्टर. ही दौड मला फारशी पसंत नाही, पण गणितास दुसरे उत्तर निघत नाही.

व्हिसा माणसांचा, गाडीचा काय? तिच्यासाठी ‘कार्ने द पासाज’ नावाची पुस्तिका असते. प्रत्येक पानाचे तीन भाग: देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के राहतात. गाडी आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, अशी ती हमी. ही पुस्तिका मोटार संघटना देते; आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते, तशी तेथे त्यांची संघटना. तिची मुदत एक वर्षाची, आणि गाडीच्या किमतीच्या मानाने मोठी रक्कम हमी म्हणून अडकून पडते. एखाद्या सीमेवर निर्गमनाचा शिक्का राहून गेला तर ती रक्कम धोक्यात येते. भाच्याची बारा वर्षांची बचत या हमीत गुंतणार आहे, म्हणून शिक्के तपासण्याचे काम मी नातीकडे सोपविले आहे. मोठी माणसे सीमेवर घाईत असतात. दहा वर्षांच्या मुली नसतात. पश्चिमेकडील कित्येक देश या पुस्तिकेवाचून सीमेवरच तात्पुरता परवाना देतात. फ्रेंच बोलणाऱ्या देशांत त्यास ‘लेसे-पासे’ किंवा ‘पासावाँ’ म्हणतात. तरीही पुस्तिका जवळ असलेली बरी.

पीतज्वराची लस टोचल्याचे पिवळे पत्र तर जागोजाग मागतात. २०१६ सालापासून ही लस आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते, परंतु टोचल्यापासून दहा दिवसांनी ती लागू होते. आपल्याकडे परतताना आपले सरकारही ते पत्र मागते. पारपत्र ३६ पानांऐवजी ६० पानांचे घ्यावे. पश्चिम आफ्रिकेत शिके व चिकटपत्रे पाने खात जातात. गाडी जुन्या बांधणीची, डिझेलवर चालणारी टोयोटा आहे. तिच्यात विजेची उपकरणे कमी, म्हणून खेड्यातला मिस्त्रीही तिला हात लावू शकतो. वाळूत टायरमधील हवा कमी करावयाची, डांबरावर आल्यावर पुन्हा भरावयाची. याविषयी अधिक सांगण्यास मी अधिकारी नाही.

एक मौज सांगतो. दक्षिण आफ्रिकेत व नामिबियात आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात. अंगोलाची सीमा ओलांडताच उजवीकडून. भाच्याचे स्टिअरिंग उजव्या बाजूस, त्यामुळे मालमोटारीस मागे टाकताना त्यास समोरचे दिसणार नाही. भाचेसून डावीकडे बसून ‘या’ म्हणेल तेव्हा त्याने जावयाचे. हा अनुभव संसारात सर्वांसच असतो.

अंगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी चालली. त्या काळी पेरलेले सुरुंग अद्याप सारे निघालेले नाहीत. म्हणून तेथे लघुशंकेसाठीसुद्धा वापरातली वाट सोडून झुडपांत जावयाचे नाही, हा नियम नातीकडून दूरध्वनीवर तीनदा वदवून घेतला आहे. अंगोलाची भाषा पोर्तुगीज. आपल्या ज्ञातीतील गोव्याकडचे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांचे शिक्षण १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत झाले, दर रविवारी भाच्यास पंधरा मिनिटे ती भाषा शिकवितात. साठ वर्षे अडगळीत पडलेली भाषा पुन्हा कामास आली म्हणून त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा आहे.

पुढे कांगो नदी. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत, पण मध्ये पूल नाही. म्हणून खाली मातादी येथील १९८३ साली झालेल्या झुलत्या पुलावरून जावयाचे. गॅबनमध्ये लांबारेने येथे डॉ. श्वाइत्झर यांनी १९१३ साली स्थापिलेले रुग्णालय आहे. तेथे एक दिवस थांबावे, असा माझा आग्रह आहे. आखणी करणाऱ्यास एवढा हट्ट करण्याचा अधिकार असावा. नाण्यांचाही एक घोटाळा ध्यानी ठेवावा. मध्य आफ्रिकेतील फ्रँक आणि पश्चिम आफ्रिकेतील फ्रँक यांची किंमत एकच, एका युरोस ६५५.९५७, तरीही एकाच्या हद्दीत दुसरा चालत नाही. कामेरून सोडण्यापूर्वी खिसा रिकामा करावा.

सर्वांत कठीण जागा कामेरून व नायजेरिया यांच्यामधली. तेथील चांगला रस्ता मामफे-एकोकवरून जातो, परंतु तो इंग्रजी भाषिक प्रांत २०१७ पासून सशस्त्र संघर्षात सापडलेला आहे. म्हणून उत्तरेकडे बान्योवरून गेंबूच्या पठारावर चढणारी खडतर वाट आम्ही धरली आहे. पुढे माली, बुर्किना फासो व नायजर हे देश टाळून किनाऱ्याकिनाऱ्याने सेनेगल. मॉरिटानियाच्या पुढे गेर्गेरातची सीमा आहे. तेथून मोरोक्कोच्या ताब्यातील पश्चिम सहारा सुरू होतो. तेथेही सुरुंग आहेत, तेथेही डांबर सोडावयाचे नाही.

हे सारे लिहून मी बहिणीपुढे ठेवले. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “जायचे कुठून ते सांगितलेस, दादा. परत फिरायचे कुठून?” भगिनींनो, या एका प्रश्नाने माझी आखणी पुरी झाली. त्यानंतर आम्ही तीन जागा ठरविल्या. पहिली लुआंडा: पुढची खबर बरी नसेल तर तेथूनच दक्षिणेस वळून घरी. दुसरी कामेरूनमधील दुआला: ते मोठे बंदर आहे, बान्योची वाट सुरक्षित नसेल तर गाडी बोटीवर चढवावी व माणसांनी विमान धरावे. तिसरी डाकार, तेथेही तसेच. या तिन्ही ठिकाणी तीन दिवस मुक्काम करावयाचा, दूतावासात व अलीकडे त्या वाटेने आलेल्या प्रवाशांकडे चौकशी करावयाची, आणि मग तिघांनी बसून ठरवावयाचे. तिघांतील एकाने जरी ‘नको’ म्हटले, तरी पुढे जावयाचे नाही. कारण विचारावयाचे नाही, समजूतही घालावयाची नाही. ही अट भाचेसुनेची. भाच्याने ती मान्य करण्यास दोन आठवडे घेतले. नातीच्या मतासही तेवढीच किंमत असावी काय, यावर त्याचे व माझे अद्याप एकमत नाही. मी नातीच्या बाजूस आहे. तिन्ही ठिकाणांहून परतण्याचा खर्च निराळा काढून बहिणीच्या नावे बँकेत ठेवला आहे. ती रक्कम पाहिल्यापासून तिला रात्री झोप लागते, असे ती म्हणते. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट किती द्यावे, याचीही यादी तिने सुरू केली आहे.

येत्या १० जुलैस अर्ज जाईल. त्यापूर्वी एक विनंती. आपल्यापैकी कोणाचे आप्त अगर परिचित लुआंडा, लिब्रव्हिल, दुआला, आक्रा किंवा डाकार येथे नोकरी-व्यवसायानिमित्त असतील, तर त्यांची नावे कृपया चिटणीसांकडे नोंदवावीत. मुक्कामाची सोय नको. गावात येणाऱ्या वाटेची खरी खबर आणि जमल्यास एका वेळचा वरणभात, एवढे पुरे आहे. कागद आणि पेन दाराशी टेबलावर ठेवले आहे.